तुमच्या कालच्या कीर्दीवर दाखवायला सांगा

पतसंस्थांना सॉफ्टवेअर दाखवायचं काम मी 12 वर्षं करते आहे. सुरुवातीला सगळीकडे माझ्या स्लाइड त्याच असायच्या. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी पाऊण तास सर्व्हर, क्लाउड, एन्क्रिप्शन सांगितलं. संचालक माना डोलवत होते. चहा आला तेव्हा मागं बसलेल्या अकाउंटंट काकांनी विचारलं, "ताई, संध्याकाळी रोख 270 रुपयांनी कमी भरली, तर हे मला काय मदत करणार?"

मला सांगता येईना. काकांनीच सांगितलं, "270 ला 9 नं भाग जातो. म्हणजे आधी उलटे पडलेले आकडे बघायचे. 580 ची पावती 850 नं चढली असेल. तुमच्यात अशा पावत्या शोधता येतात का?"

समोरच्याला झेपेल असं सोपं करून सांगा, हा सल्ला आमच्या धंद्यात सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. काकांना सोपं नको होतं, त्यांच्या कामाचं हवं होतं. जमा आणि नावे जुळल्याशिवाय आमचं व्हाउचर पुढं सरकत नाही, म्हणून तेरीज कायम जुळते, हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण कर्जाच्या हप्त्यातलं व्याज चुकून मुद्दलात जमा झालं तरी तेरीज जुळलेलीच असते! लेखापरीक्षकाला ते सापडेपर्यंत 31 मार्च उलटून गेलेला असतो.

आता मी आदल्या दिवशी जाऊन काउंटरमागं बसते. संस्थेची परवानगी घेऊन त्या दिवसाची कीर्द, नावं झाकून, प्रात्यक्षिकात वापरते. एक पावती मुद्दाम चुकवते आणि ती कशी सापडते ते सगळ्यांसमोर दाखवते. पिग्मी एजंटाला वेगळं दाखवावं लागतं. वाडीवर रेंज नसताना घेतलेले पैसे मशीनमध्ये राहतात का, आणि रेंज आल्यावर दोनदा तर चढत नाहीत ना, एवढंच त्याला पाहायचं असतं. संचालकांना बॅकअप परत भरून दाखवते. बॅकअप घेतो, असं नुसतं सांगणं पुरत नाही.

यात माझा एक अख्खा दिवस जातो. तो गेलाच पाहिजे.

तुमच्या संस्थेत कुणी सॉफ्टवेअर दाखवायला आलं, तर संचालकांबरोबर अकाउंटंटला आणि एजंटालाही बसवा. पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.