प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कोडचा इतिहासही तपासा

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई.

महोदय,


मी गिरगावात राहतो आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. रविवारी ठाकूरद्वारजवळच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर, शिकवतो. त्यांतले बहुतेक आपल्याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत. कुणी बीएस्सी आयटी, कुणी कॉम्प्युटर सायन्स, कुणी इंजिनीअरिंग केलेले. त्यांच्या वतीने एक मागणी करतो. संगणकाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासून गिट शिकवावे, आणि जर्नलवर सही करताना शेवटच्या प्रोग्रामबरोबर तो कसा घडत गेला, हेही शिक्षकांनी पाहावे.

या मुलांना कोड लिहिता येतो. अडते ते चार जणांनी मिळून एकाच कोडवर काम करायची वेळ येते तेव्हा. कॉलेजात ग्रुप प्रोजेक्टचा कोड एकाच्या लॅपटॉपवर असतो, ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल लास्ट’ अशा फोल्डरांत. बाकीच्यांना तो व्हॉट्सॲपवर झिप होऊन मिळतो. नोकरीत पहिल्याच दिवशी कुणीतरी चार कमांड लिहून देते. त्या चालल्या तर ठीक. पुश, म्हणजे सामायिक कोडकडे बदल पाठवणे, नाकारला गेला की मुले सगळे फोल्डर उडवतात, पुन्हा क्लोन करून पूर्ण प्रत घेतात आणि आपले बदल हाताने चिकटवतात. विचारायची लाज वाटते, कारण हे आपल्याला येत असणार असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

एक प्रसंग सांगतो. दोघी जणी बिलाच्या एकाच प्रोग्रामवर सराव करत होत्या. एकीने कराचा दर बदलला. दुसरीने त्याच ओळीत आधी सवलत वजा केली. दोघींचे बदल एकत्र, म्हणजे मर्ज, करताना गिट थांबले आणि त्याने दोन्ही ओळी फाइलमध्ये एकाखाली एक ठेवल्या. वर सात ‘<’, मध्ये सात ‘=’, खाली सात ‘>’. पहिलीने दुसरीची ओळ पुसली, खुणा काढल्या, प्रोग्राम चालला. सवलत मात्र गेली, आणि कुठलाही एरर आला नाही. मग दोघींना शेजारी बसवून दोन्ही ओळी वाचायला लावल्या. नवा दर सवलतीनंतरच्या रकमेवर लागायला हवा, हे त्यांनीच शोधले आणि दोघींपैकी कुणीही आधी न लिहिलेली तिसरी ओळ लिहिली. हे कमांड पाठ करून येत नाही. दुसऱ्याचा बदल वाचायची सवय लागते, आणि ती सवय कॉलेजातच लावता येते.

आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात डेव्हऑप्सच्या प्रॅक्टिकलमध्ये गिट आलेले आहे, याची मला जाणीव आहे. पण तोवर मुलांचे कितीतरी प्रोग्राम लिहून झालेले असतात, आणि एका प्रयोगापुरते शिकलेले परीक्षेबरोबर विसरले जाते.

शिकवायची पद्धतही बदलायला हवी. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहिले ते लिनक्स कर्नलसाठी, त्याआधी याच कामाला वापरले जाणारे बिटकीपर फुकट वापरण्याची सोय बंद झाल्यावर. ते मुरलेल्या तज्ज्ञांचे हत्यार होते, नवशिक्याचा विचार त्यात नंतर आला. ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँच बदलायची आणि फाइलही जुन्या रूपात आणायची. म्हणून 2019 मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ या वेगळ्या कमांड आल्या. तेव्हा आधी कागदावर चित्र काढावे. कमिट म्हणजे त्या क्षणीचा सगळा प्रकल्प, आणि त्याला आपल्या आधीच्या कमिटचा पत्ता ठाऊक असतो. ब्रँच म्हणजे एखाद्या कमिटला दिलेले नाव. एवढे कळले की निम्म्या कमांड आपोआप उलगडतात. भीतीही लगेच घालवावी. कमिट केलेले काम चुकून मागे पडले, तरी ते रिफ्लॉग या गिटच्या नोंदवहीतून सहसा परत मिळते. एरवीच्या सेटिंगमध्ये गिट ते निदान 30 दिवस सांभाळते. जे कधी गिटमध्ये टाकलेच नाही, ते मात्र गिट परत देऊ शकत नाही.

हे मराठीत समजावले की मुले प्रश्न विचारू लागतात. कमिटचा संदेशही मराठीत लिहिता येतो. ‘चेंजेस’ लिहिण्यापेक्षा ‘सवलतीआधी कर लागत होता, क्रम बदलला’ असे लिहिणारी मुलगी सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याचे काम हलके करते. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर गिट ते ‘\340\244’ अशा आकड्यांत दाखवते. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव नीट दिसते. ते पहिल्याच तासाला करून द्यावे.

बदलांची अशी नोंद ठेवणे आपल्याला नवे नाही. गिरगावाला लागून असलेल्या कोलभाट गल्लीतल्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथ छापताना तळटिपांत पाठभेद दिले. कुठल्या पोथीत काय आहे, हे वाचकासमोर ठेवले. पाठांतराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने ही शिस्त छापखान्यात पाळली. कोड लिहिणाऱ्या पिढीलाही ती मिळायला हवी.

सुरुवात शून्यातून करायची नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात गिटवर छोटे धडे आहेत. एका बाजूला धडा पाहत दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचे, अशी त्यांची रचना आहे. लॅबमध्ये इंटरनेट नसले तरी अडत नाही. गिट त्याच संगणकावर चालते, आणि सामायिक रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास, लॅबच्या एका मशीनवर ठेवता येते. गिटहबचे खाते पहिल्या दिवशी लागत नाही.

माझ्या विनंत्या अशा. प्रत्येक विद्यार्थ्याची पहिल्या सत्रापासून रिपॉझिटरी असावी, आणि शिक्षकांनी सही करण्यापूर्वी तिचा लॉग वाचावा. ग्रुप प्रोजेक्टच्या व्हायव्हात प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कमिटवर आणि त्याने तपासलेल्या दुसऱ्याच्या बदलावर प्रश्न विचारावेत. कमिटच्या संख्येवर गुण देऊ नयेत, नाहीतर जर्नल उतरवून काढतात तसे कमिटही उतरवले जातील. आणि या सगळ्याआधी शिक्षकांचे प्रशिक्षण व्हावे, कामाच्या वेळेत आणि मराठीतही. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्यांना श्रेयांक आहेत. हे कौशल्य त्यात सहज बसते.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आमच्यासारखे नोकरी करणारे लोक हवे असतील तर बोलवा, आम्ही विनामोबदला येऊ.

आपला नम्र,
गिरगावातील एक सॉफ्टवेअर अभियंता