वीज-स्वावलंबनाचे गणित

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, रेल्वे ठप्प झाली आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद करावा लागला. मे २०२१ मधील तौक्ते वादळानेही वीजपुरवठा विस्कळीत केला. वीज गेली की पंप थांबतो आणि बहुमजली इमारतींतील नळ कोरडे पडतात. तेव्हा महावितरणच्या तारेवर विसंबून न राहता छपरावरील उन्हावर घर चालवावे, हा विचार मध्यमवर्गीयांना मोह घालू लागला तर नवल नाही. तथापि हा विचार हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

चार दिवे, दोन पंखे, दूरचित्रवाणी संच आणि शीतकपाट एवढ्यावर भागविणाऱ्या कुटुंबास दिवसाला सुमारे ३ युनिट वीज लागते. एक किलोवॅट क्षमतेची सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज देतात. वरकरणी एक किलोवॅट पुरेसा वाटतो. परंतु सरासरी येथे फसवी आहे. आषाढ-श्रावणातील झाकोळलेल्या दिवशी हेच उत्पादन निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. जाळ्यापासून तुटलेल्या घराची योजना सर्वांत वाईट महिन्यासाठीच करावी लागते.

साठवणुकीचा भार

खरा खर्च पुढेच आहे. सलग दोन दिवस ऊन पडले नाही तर ६ युनिटांचा साठा हवा. बाजारात मिळणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. ती टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरावयाची असते. म्हणजे अशा सात बॅटऱ्या आल्या, आणि काही वर्षांनी त्या बदलणेही आले. लिथियम बॅटरी अधिक टिकते, मात्र तिचे भांडवल आरंभीच मोजावे लागते. उलट वैशाखात भरलेल्या बॅटरीमुळे जादा वीज वाया जाते.

दुसरी अडचण जागेची. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित छप्पर लागते. निर्मळ वा आगाशीच्या बंगल्यास ते परवडेल. नालासोपाऱ्यातील इमारतीत एकाच गच्चीवर सर्व बिऱ्हाडांचा हक्क आणि त्यात पाण्याच्या टाक्या. तेथे घरटी स्वावलंबन अशक्यप्राय आहे.

अनुदानाची मर्यादा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरास ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पण ते जाळ्याशी जोडलेल्या संचासाठी. अशा संचाचा साधा इन्व्हर्टर, तारेवर काम करणाऱ्याच्या जिवास धोका नको म्हणून, पुरवठा जाताच स्वतःही बंद पडतो. बिल कमी करणे आणि संकटकाळी वीज मिळणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. अनुदान पहिले साधते, दुसरे नाही.

म्हणून मध्यममार्गच व्यवहार्य ठरतो. नित्याच्या विजेसाठी जाळ्याशी जोडणी कायम ठेवावी आणि अत्यावश्यक गरजांपुरतीच बॅटरी, तिला जोडून घेणाऱ्या हायब्रीड इन्व्हर्टरसह, घ्यावी. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा घेतल्यास बॅटरी आपोआप लहान होते. काटकसर ही येथे सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे ४ युनिट घेतो. एवढा साठा गृहनिर्माण संस्थेने मिळून केला तर दर सदनिकेच्या वाट्यास येणारा खर्च सोसण्याजोगा होतो. मात्र बॅटरी तळमजल्यावर ठेवू नये, हा २०१८ चा धडा विसरता कामा नये.

संस्थांच्या सामायिक सोयींसाठी याच योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे साहाय्य आहे. पूरप्रवण शहरांत पंपापुरत्या साठवणुकीसही राज्य शासनाने असाच हातभार लावला पाहिजे. अन्यथा संकटातील वीज ही स्वतःचे छप्पर असणाऱ्यांची मिरास ठरेल आणि चाळीतील भाडेकरू अंधारातच राहील.