घरची चेतक, मूळ रूपात

वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याच्या कंपनीने १९७२ साली चेतक स्कूटर आणली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कितीतरी नोकरदारांनी पगारातून पैसा साठवून ती घेतली. आज ती आपल्या अंगणात गंजत असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आम्ही सांगतो ते करा.

पहिले काम कागदांचे. आर.सी.वरचे नंबर गाडीशी जुळवून पाहा. वडील हयात नसतील तर वर्ध्याच्या आरटीओत ती वारसाच्या नावावर करा. नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. हे जमल्यावरच दुरुस्तीला पैसा घाला.

गाडी उघडण्याआधी फोटो काढा. मूळ रंग बाजूच्या झाकणाच्या आत सापडतो. तिथे ऊन पोचत नाही. इंजिन-चेसिसचे नंबर घासू देऊ नका. जुना पत्रा ठोकून सरळ होत असेल तर बदलू नका. टायर, केबल, ब्रेकशू मात्र नवेच घाला. गाडीवर घरची माणसे बसणार आहेत.

२०२१ च्या केंद्रीय नियमाने ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि गाडी रोज वापरता येत नाही. कामावर जायचे असेल तर साधी नोंदणीच बरी, असे आम्हांस वाटते.

आणि कारागिराची मजुरी आधीच ठरवा. काम झाल्यावर घासाघीस नको. त्याचेही पोट हातावरच आहे.