वाळूचा चढ, जांभ्याची वाट आणि उतारवयातील पाठकणा



सुट्टीच्या दिवसांत कोकणातील घरे पुन्हा भरतात. मुंबई-पुण्याहून मुले, सुना, नातवंडे येतात आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही कोठेतरी फिरवून आणावे, असे बेत होऊ लागतात. अंजनवेलचेच उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यातील हे गाव वाशिष्ठीच्या मुखाशी वसले आहे. खाडीपलीकडे दाभोळ, अलीकडे गोपाळगडाची जांभ्याची तटबंदी, टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह. दक्षिणेस गेले की गुहागरची लांबलचक पुळण. अशा ठिकाणी दोन बेत हटकून निघतात. एक, रिक्षा करून सड्यावर जाऊन येण्याचा. दुसरा, एखाद्या किनाऱ्यावर फुगीर टायरांच्या गाडीतून वाळूत फेरी मारण्याचा.

पहिल्या बेतास कोणी हरकत घेत नाही, कारण रिक्षा रोजचीच. दुसऱ्या बेताला आजी थोडी कुरकुरते. परंतु ‘वाळू मऊ असते, पडलो तरी लागत नाही’ अशी तिची समजूत घातली जाते. सत्तरीपुढच्या शरीराच्या दृष्टीने ही दोन्ही गृहीतके तपासून पाहिली पाहिजेत.

तीन चाकांचा तोल

तिपाई कधी डुगडुगत नाही, हे आपण घरात पाहतो. त्यामुळे तीन चाकांचे वाहन निर्धास्त असते, असा समज होतो. बॅटरीवर चालणारी तीनचाकी स्कूटर वृद्धांसाठी घेताना पुष्कळदा हाच विचार मनात असतो. उभ्या वाहनाबाबत तो बराचसा खराही आहे. वाहन धावू लागले की मात्र गणित बदलते. तीन चाके जमिनीला जेथे टेकतात ते तीन बिंदू जोडले तर त्रिकोण होतो. वाहनाचा आणि आत बसलेल्यांचा भार या त्रिकोणाच्या आत राहिला, तरच तोल टिकतो. पुढे एकच चाक असल्याने त्रिकोण पुढच्या बाजूस निमुळता असतो. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढे, म्हणजे त्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. त्याच वेळी वळण घेतले, तर तो त्रिकोणाबाहेर पडावयास वेळ लागत नाही.

आडरानात चालविण्यासाठी बनविलेल्या तीनचाकींचा इतिहास याची साक्ष देतो. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत अशी गाडी विकावयास आणली. सुरुवातीच्या गाड्यांना स्प्रिंगा नव्हत्या. मोठे, कमी हवेचे टायर हेच धक्के झेलीत. वाळूच्या टेकड्यांवर आणि रानवाटांवर ती अतिशय लोकप्रिय झाली. अपघातही वाढत गेले. अखेर १९८८ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड झाली व नव्या तीनचाकींची विक्री थांबली. आज किनाऱ्यांवर दिसणाऱ्या अशा गाड्यांना बहुधा चार चाके असतात. चौथ्या चाकाने तोल सुधारतो; उलटण्याचा धोका मात्र संपत नाही.

वाळूचा उतार

वाळू धक्का शोषून घेते, हे खरे. सरळ चढावे व सरळ उतरावे, तोवर कुशल आणि तरुण चालकाला वाळू खडकापेक्षा सौम्य वाटते. अडचण येते ती गाडी उतारावर आडवी गेली की. खालच्या बाजूचे चाक वाळूत रुतते, वरचे हलके होते आणि गाडी कलंडते. उभ्या चढावर मध्येच वेग तुटला, तर पुढचा भाग उचलला जाऊन गाडी मागे उलटू शकते. माथ्यापलीकडे काय आहे, हे माथ्यावर पोहोचेपर्यंत दिसत नाही.

आपल्या पुळणींवर राजस्थानासारख्या वाळूच्या टेकड्या नाहीत. तरी सुरूच्या बनालगतचे उंचवटे आणि ओहोळांनी कापलेले काठ गाडी कलंडण्यास पुरेसे असतात. मुलाकडे दुबईस गेलेल्या आई-वडिलांपुढे तर वाळवंटातील सफरीचा आग्रह हमखास येतो. तेथील गाडी मोठी आणि चारचाकी असली, तरी टेकडीच्या माथ्यावरून खाली आदळताना बसणारा हिसका कंबरेलाच बसतो. पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर त्या आग्रहाला निःसंकोच नकार द्यावा.

आता ‘पडलो तरी लागत नाही’ या समजुतीविषयी. पडताना माणूस हात पुढे करतो. ठिसूळ झालेले मनगट, खांदा किंवा खुबा मोडण्यास मऊ वाळूही पुरते. शिवाय माणसाच्या अंगावर गाडी येते, तेव्हा खाली वाळू आहे की खडक, याला फारसा अर्थ उरत नाही. यांपैकी बहुतेक गाड्या एकाच चालकासाठी बनविलेल्या असतात. मागे आजोबांना किंवा नातवाला बसविले की तोल आणखी बिघडतो.

खाचखळग्यांची वाट

कच्च्या वाटेचा धोका वेगळा आहे. तेथे गाडी उलटेलच असे नाही. परंतु प्रत्येक खड्डा शरीरापर्यंत पोहोचतो. जीप आणि ट्रक यांच्या वर्दळीने कच्च्या रस्त्यावर दोन चाकोऱ्या पडतात. चारचाकी वाहन त्यांतून जाते. रिक्षाला मात्र तीन वाटा लागतात. मागची चाके चाकोरीत गेली, तर पुढचे चाक मधल्या दगडगोट्यांच्या उंचवट्यावर येते. पुढच्या चाकाने चुकविलेला खड्डा मागच्या चाकाला सापडतो. त्यात रिक्षाची चाके लहान आणि प्रवाशांची बैठक मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच.

रानवाटेवर गाडी चालविणारा तरुण खड्डा दिसताच पावठ्यांवर उभा राहतो आणि धक्का गुडघ्यांवर झेलतो. रिक्षात मागे बसलेल्या आजींना खड्डा आधी दिसत नाही आणि उठताही येत नाही. सारा आघात बैठकीतून थेट पाठकण्यात जातो. हाडे विरळ झाली असतील, तर अशा एका हिसक्यानेही मणक्याचा पुढचा भाग दबून मोडू शकतो. पाठ व कंबर यांच्या सांध्याजवळचे मणके यात विशेषतः सापडतात. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि पूर्वी किरकोळ पडण्यानेही हाड मोडलेले, यांना हा धोका अधिक असतो.

तेव्हा वाळू की खडकाळ वाट, या प्रश्नाचे उत्तर असे: वाळूच्या उतारावरील फेरी वृद्धांनी टाळावीच, कारण ती केवळ हौस आहे. कच्ची वाट मात्र अनेकदा टाळता येत नाही. दवाखाना, बाजार, देऊळ त्याच वाटेवर असते. म्हणून काळजी घ्यावयाची ती मुख्यतः येथे.

निघण्यापूर्वी

रिक्षाचालकास आधीच सांगावे, “दादा, आजी बसल्या आहेत, खड्ड्यात अगदी सावकाश घ्या.” हे सांगण्यात संकोच नको. वेग दुप्पट झाला की आदळण्यातील शक्ती चौपट होते. त्यामुळे वेग थोडा कमी केला तरी लाभ मोठा होतो.

वृद्ध व्यक्तीस मधोमध बसवावे आणि शक्य तर दोन्ही बाजूंस घरची माणसे असावीत. चालकाशेजारी कधीही बसवू नये. बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली चादर घ्यावी. फार मऊ उशी दबून निरुपयोगी होते. कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. पाठ ताठ, पावले खाली पूर्ण टेकलेली आणि हात समोरच्या दांडीवर असावेत. पुढे वाकून बसल्यास मणक्याच्या पुढच्या भागावर भार वाढतो. खड्डा येताना सोबतच्याने “आजी, धरा” असे सांगावे, म्हणजे त्या हातापायांवर थोडा भार घेऊ शकतील. वाटेचा अखेरचा तुकडा फारच खराब असेल आणि चालणे झेपत असेल, तर उतरून काठीच्या व माणसाच्या आधाराने जावे. मोतीबिंदूची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास प्रवासाविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

हिसका बसल्यानंतर

प्रवासानंतर पाठीत एकाएकी कळ आली, उभे राहिल्यावर ती वाढली आणि आडवे झाल्यावर कमी झाली, तर ‘वयाने पाठ दुखते’ म्हणून सोडून देऊ नये. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्यावा. तोवर जोराने तेल चोळणे, पाठ तुडवून घेणे, कंबर ओढून घेणे हे प्रकार पूर्ण वर्ज्य समजावेत. दबलेला मणका त्याने आणखी बिघडू शकतो. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. उतारवयात त्या मूत्रपिंडास व जठरास बाधतात. तसेच डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहू नये. त्याने हाडे व स्नायू अधिकच क्षीण होतात.

पाय लुळे पडणे, जांघेभोवतीची संवेदना जाणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला टोला बसला, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. डोक्यातील रक्तस्राव कधीकधी हळूहळू वाढतो. पुढील काही आठवड्यांत डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ किंवा चालताना झोक जाणे सुरू झाले, तर डॉक्टरांना तो टोला आवर्जून सांगावा.

गाडी उलटलीच, तर जखमी वृद्धास बगलेत हात घालून ओढून उठवू नये. मान व पाठ सरळ ठेवून जागीच निजू द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चालू औषधांची यादी सोबतच्याच्या खिशात असेल, तर पुढील उपचार सोपे जातात.

एक तपासणी मात्र सुट्टीची वाट न पाहता करून घ्यावी. तरुणपणीच्या मानाने उंची कमी झाली असेल किंवा पाठीला पोक येऊ लागले असेल, तर एखादा मणका पूर्वीच न कळत दबलेला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हाडांच्या घनतेची तपासणी करावी. हाडे बळकट करणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती नियमित घेतल्याने पुढील अस्थिभंगांचा धोका कमी होतो.

राहिली पुळणीची हौस. तीही पुरवावी. संध्याकाळी ऊन उतरले की सुरूच्या सावलीत पाठीला टेकू असलेली खुर्ची मांडावी, ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून नातवाचा हात धरून दहा-वीस पावले चालावे. फुगीर टायरांची गाडी नातवंडांनी, शिरस्त्राण घालून व चालविण्याचे वय झाल्यावर, एकेकट्याने चालवावी. आजी-आजोबांनी ती खुर्चीत बसून पाहावी.