यादीतले बडोदे

शहर पाहण्याची एक नवी रीत अलीकडे रूढ झाली आहे. पाहुणा येतो तो यादी घेऊनच. कोणत्या पेठेत काय विकत घ्यावे, कोठे जेवावे, कोणत्या वास्तूपुढे छायाचित्र काढावे, हे सारे तीत क्रमवार मांडलेले असते. मागल्या दिवाळीत आमचा एक पुतण्या पुण्याहून आला. त्याच्या यादीत बडोद्याला दीड दिवस होता. लक्ष्मीविलास राजवाडा, मंगळबाजारातील खरेदी, सेव-उसळ आणि अलकापुरीतील दोन उपाहारगृहे एवढे झाले की बडोदे संपले. आम्ही दांडिया बाजाराचे नाव काढताच तो म्हणाला, "काका, तिथे पाहण्यासारखे काय आहे?"

राग त्याच्यावर धरण्यात अर्थ नाही. पण प्रश्नाचे उत्तर देणे प्राप्त आहे.

तिथे तांबेकर वाडा आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आणि महाभारत यांच्या शेजारी मराठे-इंग्रज युद्धाचे प्रसंगही तेथे आहेत. थोडे पुढे जावे तर कीर्तिमंदिरात नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या काळात रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. मराठी दिवाणाचा वाडा आणि शांतिनिकेतनचा चित्रकार एकाच शहरात सापडतात, आणि दोन्ही पाहायला एक सकाळ पुरते. यादीत मात्र या सकाळीला जागा नाही.

खरेदी आणि खाणे ही हलकी कामे आहेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाजार आणि कला यांची सोयरीक तर महाराज सयाजीरावांनीच जमविली. १८९० साली त्यांनी कलाभवन काढले, ते हातांना हुन्नर मिळावा म्हणून. पुढे दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले. १८९४ साली संग्रहालयाची इमारत उभी राहिली, १९०६ साली खंडेराव मार्केट झाले. विद्यापीठाच्या ललित कला शाखेत (स्थापना १९५०) इंदूरच्या मराठी मुलखातून आलेले ना. श्री. बेंद्रे शिकवीत. त्याच शाखेच्या मेळ्यांत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी स्वतः खेळणी घडवून नागरिकांना विकत. घेणाऱ्याला करणाऱ्याचा चेहरा दिसे. आमच्या मते खरेदी म्हणावी ती हीच.

आजची यादी नेमका हा चेहरा पुसून टाकते. संखेड्याच्या पाळण्याचे उदाहरण घ्या. सागवान खरादावर चढवायचे, कथिलाच्या पुडीने बारीक नक्षी काढायची, ती घोटायची आणि वर लाखेचा लेप द्यायचा. मग ती सोनेरी झळाळी येते. संखेडा बडोद्याहून काही फार दूर नाही. पण यादीवाला वातानुकूलित दालनात जाऊन तोच पाळणा 'डिझाइन' म्हणून विकत घेतो आणि तो कोणी केला हे विचारीत नाही. सेव-उसळीचेही तेच. वाटाण्याच्या रश्श्यावर शेव घालून पावाबरोबर खाण्याचा हा पदार्थ आज बडोद्याची ओळख ठरला आहे. त्यातला 'उसळ' हा शब्द कोणत्या स्वयंपाकघरातून आला, हे सांगणारा कोणी नसेल तर शेवटी तो एक तिखट पदार्थ एवढाच उरतो.

यावर ठरलेले उत्तर मिळते की पाहुण्यांमुळे पेठेत पैसा येतो. पैसा येतो हे खरे, पण तो कोणाच्या गल्ल्यात पडतो हे पाहिले पाहिजे. पाऊण तासात पेठ ओलांडणारा माणूस बोळात शिरत नाही, आणि कारागीर तर बोळातच बसतो.

येथवर वाचून आमचे जुने स्नेही माना डोलावतील आणि म्हणतील, "बडोदे आता आपले राहिले नाही." या वाक्याला आमची सर्वात मोठी हरकत आहे. ते आपले राहिले नाही, कारण आपण ते विकले. वाडे आपण विकले. कोरीव खांब, तुळया, पितळी समया भंगाराच्या भावाने दिल्या आणि उपनगरांत सदनिका घेतल्या. तेच खांब पुढे एखाद्या उपाहारगृहाची शोभा होतात आणि आपण त्यांच्याखाली बसून पुरणपोळी मागवतो. आमच्या आजोबांच्या घराचा दरवाजा आम्हीच विकला. नोकरीतही जुनी घरे पाडण्याची प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली. कागद नियमांत बसत होते, आम्ही सह्या केल्या. त्या घरांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, असा शेरा एकाही प्रकरणावर मारण्याचे आम्हाला सुचले नाही. ही कबुली दिल्याशिवाय पुतण्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

न्यायमंदिरातून २०१८ साली न्यायालय नव्या इमारतीत गेले. त्याच वर्षी बडोद्यात एक्क्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले. भाषणे झाली, गौरव झाले, जेवणावळी झाल्या. त्या गर्दीतील किती जणांना आपण तांबेकर वाड्यापर्यंत नेले, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

आमची मागणी मोठी नाही. पुढला पाहुणा आला की त्याची यादी फाडू नये. तिला एक सकाळ जोडावी. त्याला घेऊन मांडवीपासून पायी निघावे, खरादी, तांबट यांच्या दुकानापुढे थांबावे, भाव न पाडता एक वस्तू घ्यावी आणि करणाऱ्याचे नाव विचारावे. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांनी विकण्यापूर्वी निदान त्यांची मापे आणि छायाचित्रे आपल्या मंडळाकडे द्यावीत.

पुतण्याला आम्ही दुसऱ्या दिवशी वाड्यात नेले. पाऊण तासासाठी गेलेला मुलगा दुपारी जेवायला उशिरा आला. त्याची गाडी चुकली, आणि आम्हाला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.