पाण्याच्या वाटेवर घरे नकोत!

फेब्रुवारी 2025 मध्ये कांदिवलीतील ‘चारकोपचा राजा’ या माघी गणेशमूर्तीचे विसर्जन प्रशासनाने रोखले. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीने नैसर्गिक जलस्रोत दूषित होतात, हे कारण. न्यायालयाचा निर्णय होऊन विसर्जन व्हायला ऑगस्ट उजाडला. गणेशभक्तांनी मन आवरून कायदा पाळला. पाणी स्वच्छ राहावे, याला कोणत्याही भाविकाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, मूर्तीच्या बाबतीत इतका दक्ष असणारा कायदा चारकोपच्या खाडीकाठी राडारोडा ओतणाऱ्या डंपरपुढे डोळे का मिटतो?

चारकोपच्या पश्चिमेला खाडी आणि खारफुटी आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावणारी पोईसर नदी कांदिवली ओलांडून याच खाडीक्षेत्रात येते. वरून पावसाचे पाणी, खालून भरतीचे. दोघांची गाठ पडते ती येथे. त्या वेळी पाणी पोटात घेणारी जागा म्हणजे हा चिखल आणि ही खारफुटी. बांधकाम व्यावसायिकाच्या नकाशावर तीच ‘मोकळी जमीन’ ठरते! रीत ठरलेली आहे. आधी भरतीचे पाणी अडवायचे, खारफुटी वाळू द्यायची, रात्री भरणी टाकायची आणि येथे झाडे नव्हतीच, असे सांगत निवासी संकुलाचा फलक लावायचा. याविरुद्ध चारकोपच्या नागरिकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, त्या उगीच नव्हेत.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्याने आपली जुनी वाट शोधली. त्यानंतर नेमलेल्या डॉ. माधवराव चितळे समितीने 2006 मध्ये अहवाल दिला. पुढे नद्यांचे रुंदीकरण झाले, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उठल्या. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचा नाला होताना पाहिला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या अंतिम निकालात भोवतालचे 50 मीटरही राखून ठेवले. मात्र 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाडीकाठची मर्यादा 100 मीटरवरून 50 मीटरवर आणली. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?

यावर एक उत्तर ठरलेले असते. चारकोप तरी कोठे आकाशातून पडले? 1985 नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने खाडीलगतच्या सखल जमिनीवरच लहान भूखंड पाडले. स्वतःचे घर झाले, आता इतरांना दार बंद? हा युक्तिवाद चलाख आहे, खरा नाही. ती योजना सरकारने उघडपणे आखली आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तिने हक्काचे छप्पर दिले. आज भरणीवर उठणारे मनोरे त्या कुटुंबांसाठी नसतात. शिवाय पहिल्या वसाहतीने पाण्याची बरीच जागा घेतली, म्हणून उरलेलीही घ्यावी, हे कोणते तर्कशास्त्र? त्यात उद्याचा घरमालकही बुडणार आहे आणि आजचाही.

आता वर्सोवा-भाईंदर किनारी रस्ता चारकोपहून गोराईकडे जाणार आहे. 45 हजारांहून अधिक खारफुटी त्यात बाधित होत आहे. त्यातली काही हजार कायमची जाणार. डिसेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सार्वजनिक हितासाठी त्यास अनुमती दिली. भरपाईच्या वनीकरणाची जमीन मात्र चंद्रपूर जिल्ह्यात! खारफुटीची लागवड अन्यत्र होईलही. पण चारकोपचे भरतीचे पाणी तेथे जाऊन थांबणार आहे काय?

न्यायालयाने सवलत दिली ती रस्त्याला, रस्त्याकडेच्या मनोऱ्यांना नव्हे. म्हणून चारकोपकरांची मागणी साधी असावी. खारफुटी आणि तिच्या भोवतीचे 50 मीटर जागेवर खुणा करून आखा, सरकारी ताब्यातील खारफुटीची जमीन वनखात्याकडे द्या, भरणी टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा आणि त्यांच्याच खर्चाने ती उचला. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी या मागणीचे ठराव करून महापालिकेत आणि मंत्रालयात धडक द्यावी. सहा महिने मूर्ती राखण्याचा संयम ज्या वस्तीने दाखवला, तिला खाडी राखण्याचा आग्रह धरण्याचा पूर्ण अधिकार आहे.