पाकीट नको, सुकतीचा खर्च द्या

गाववाल्यांनो, मुंबईकर मंडळींनो,

यंदाही गणपतीत गुणगौरव होईल. बारावी झालेल्या पोरी स्टेजवर येतील, गुलाबाचं फूल, ढाल आणि ५०१ रुपयांचं पाकीट घेतील. फोटो निघेल. पुढच्या गणपतीला त्यातल्या कितीजणी शिकतायत, हे कोणी विचारत नाही. अशी ४० पाकिटं म्हणजे २०,०४० रुपये. मंडप, ढाली, पाहुण्यांची शाल वेगळी.

हा सगळा पैसा एकत्र करा आणि दरवर्षी गावातल्या निदान एका मुलीला समुद्राचं शास्त्र शेवटपर्यंत शिकवा, एवढंच आमचं मागणं आहे.

समुद्राचंच का? आई सुकतीला खडकावर कालवं फोडते आणि लेक कॉलेजात तेच कालव फॉर्मालिनच्या बाटलीत बघते, म्हणून. अमावास्या-पौर्णिमेची मोठी सुकती आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास लागते. नमुने तेव्हाच घ्यायचे. कॉलेज तालुक्याला, तिथली एसटी तोवर सुटलेलीही नसते. म्हणजे किनाऱ्याजवळ मुक्काम आला. खाडीत आत जायचं तर होडीचं भाडं आणि डिझेल आलं. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर येतो, रात्री जेटीवर पडतो. मुलीला घरचे सांगतात, लॅबमध्ये बसून होईल असं काहीतरी घे. फीपायी शिक्षण थांबलेल्या मुलींची निदान चर्चा तरी होते. मुक्कामाच्या पैशांपायी विषय बदललेली मुलगी कुठल्या यादीत शोधायची?

‘सरकार देतं की!’ म्हणणारे भेटतातच. देतं. केंद्राच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे, विषयांत सागरविज्ञानही आहे. पण बारावीला बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात यायला हवं, नाहीतर मोठ्या प्रवेशपरीक्षेत वरचा नंबर हवा. पहाटे आईबरोबर मासळीची टोपली उतरवून मग कॉलेज गाठणारीला ही पट्टी लावायची? आम्हाला ती मान्य नाही.

अदिती पंत आठवा. नागपूरचा जन्म, पुण्याची बी.एस्सी. अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून हवाई विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकता आलं. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या आणि १९८३ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर गेल्या. तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ या दोघी. आता बघा, औंधच्या राजांची ही नात. तिलाही शिष्यवृत्ती लागली. कालववालीच्या लेकीनं मात्र ढालीवर भागवायचं.

जायला लांबही नको. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, गोव्यात दोना पावलाची ती समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून.

पैसे दरमहा, मुलीच्या स्वतःच्या खात्यात जावेत, एम.एस्सी. होईपर्यंत. मुक्काम आणि होडी त्यात धरा. लग्न ठरलं म्हणून बंद करू नका. एखाद्या वर्षी मार्क घसरले तर आधी घरी जाऊन विचारा, काय झालं. आणि देणगीदाराचं नाव तिच्या वह्यांवर नको. देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर रंगवता, तेवढं पुरे.

ग्रामस्थ मंडळाच्या सभेत आम्ही हा ठराव मांडतोय. सभेची वेळ तेवढी भरती-सुकती बघून ठरवा. नाहीतर ज्या बायांनी हात वर करायचा, त्या कालवांवर असतील.

— गावातल्या काही शिक्षिका आणि पालक